ज्वारी त्याची, भाकरी आमची

बियाण्याच्या धंद्यात उभं आयुष्य गेलं की माणसाला एक खोड लागते. ताटात जे येईल त्याचं कुळ काढायचं. मिरची मेक्सिकोकडची, बटाटा अँडीज पर्वतातला, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, वांगं तेवढं आपलं. घरचे कंटाळतात, पाहुणे हसतात, आपण थांबत नाही. जालन्यात या खोडीला कुणी वेडेपणा म्हणत नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको काढली, आणि तेव्हापासून हे गाव बियाण्याच्या आधारानं वाढलं. लोखंडाच्या सळया आणि मोसंबी हेही इथलंच, पण जिल्ह्यात कुठल्याही पारावर घटकाभर बसा, नर-मादीच्या ओळी, क्रॉसिंग, प्लॉट हे शब्द कानावर पडतातच. मी त्यातलाच. एका कंपनीच्या ज्वारी-बाजरीच्या बिजोत्पादनावर देखरेख करता करता नोकरी सरली.

त्या नोकरीनं मला एक पक्कं मत दिलं होतं. पदार्थाचं सगळं मर्म बियाण्यात. जात कोणती, मूळ कुठलं, एवढं कळलं की झालं. तवा, परात, फोडणी ही पुढची किरकोळ कामं. हे मत मी चारचौघांत बोलून दाखवायचो, आणि बायकोसमोर जरा जास्तच. आता ते माझं मत राहिलेलं नाही. ते एका दिवसात गेलं नाही, आणि सगळंच्या सगळं गेलंय असंही म्हणवत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझा ठेवणीतला दाखला ज्वारीचा असायचा. भाकरी म्हणजे आपली माती, असं कुणी भाषणात म्हणालं की मी शेजाऱ्याच्या कानात सांगायचो, ज्वारी आफ्रिकेची आहे. सुदानच्या पूर्व भागात पाचेक हजार वर्षांपूर्वी माणसानं ती रानातून शेतात आणली. मडक्यांच्या खापरांवर तिच्या दाण्यांचे ठसे सापडलेत. बाजरी मालीच्या बाजूची. नाचणी इथिओपिया-युगांडाच्या डोंगरांतली. चवळीही तिकडची. भाकरीबरोबर ज्या कारळ्याची चटणी खातो ते कारळं इथिओपियाचं, तिथे त्याचं तेल गाळतात. ज्वारी, बाजरी, चवळी ही मंडळी साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी अरबी समुद्र ओलांडून इकडे पोचली, असं पुरातत्त्ववाले मानतात. माणसं पुष्कळ नंतर आली. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, निजामशाहीचा कर्ता वजीर झाला, १६१० मध्ये त्यानं खडकी (आजचं संभाजीनगर) वसवली, आणि १६१६ मध्ये आमच्या रोषणगावाजवळ मोगलांकडून हारही खाल्ली. तो दख्खनेत उतरला तेव्हा त्याच्या मुलखातली धान्यं इथे केव्हाची घरजावई होऊन बसली होती.

अशा माणसापुढे एक सुदानी मुलगा येऊन बसला.

तो वाद मदनीचा. निळ्या नाईलच्या काठचं शहर, गेझिरा प्रांताचं मुख्य ठाणं. इंग्रजांनी १९२५ साली सेन्नारचं धरण बांधून तिथे कापसासाठी कालवे काढले. जमीन काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसात पाय धरून ठेवणारी. त्यानं मोबाइलवर शेताचा फोटो दाखवला तेव्हा मी क्षणभर परतूर तालुक्यातला समजलो. विद्यापीठात एम.एस्सी. करायला तो संभाजीनगरला आला होता, आणि बियाण्यावरच्या प्रकल्पासाठी जालन्याला. ओळखीच्या एका प्राध्यापकांनी माझ्याकडे धाडला. १५ एप्रिल २०२३ ला खार्तूममध्ये लष्कर आणि निमलष्करी रॅपिड सपोर्ट फोर्सेस यांची आपसात जुंपली तेव्हा तो इथेच होता. परतीची वाट बंद झाली. इथे खोली मिळवताना काय काय ऐकावं लागलं ते त्यानं फार नंतर सांगितलं. एका घरमालकानं तोंडावर म्हटलं होतं, शेजारचे लोक घाबरतील. त्यावर मी काही बोललो नाही, बोलण्यासारखं होतं काय?

त्याला जेवायला बोलावलं ते त्याच्यासाठी कमी आणि माझ्या सिद्धांतासाठी जास्त. खानावळीच्या चपात्या आणि पातळ वरणाला तो वैतागला होता, वाळलाही होता. मी बायकोला सांगितलं, लेकरू ज्वारीच्या देशातलं आहे, त्याला भाकरी वाढ, बघ कसं खुलतं. सोबत भेंडीची भाजी. भेंडीचं मूळ आफ्रिकेत की भारतात यावर पंडितांचं एकमत नाही, पण सुदानात ती घरोघरी आणि जालन्यात तर तिचा मान वेगळाच. बारवाल्यांचा श्रीगणेशा भेंडीवरच झाला, दिल्लीच्या पुसा संस्थेच्या पुसा सावनी या वाणावर. पुढे परभणीच्या कृषी विद्यापीठानं तीच पुसा सावनी जंगली भेंडीशी संकरित करून १९८५ मध्ये परभणी क्रांती दिली. हे सगळं मी त्याला भाकरी येईपर्यंत सांगून टाकलं.

भाकरी छान फुगली होती. पापुद्रा सुटलेला, शाळूचा पांढराशुभ्र रंग. त्यानं वास घेतला, तुकडा मोडला, चावला, आणखी चावला, पाणी प्यायला. मग अगदी अदबीनं विचारलं, "आंटी, इसको खट्टा नहीं किया?"

बायकोला वाटलं भाकरी आंबली की काय असं विचारतोय. तिनं ठासून सांगितलं, ताजं पीठ आहे, आजच दळलंय. त्याचा चेहरा आणखी पडला.

भेंडीचंही तेच. आमच्याकडे भेंडीची तार मोडणं ही सुगरणीची परीक्षा. धुऊन पुसून कोरडी करायची, मोकळी परतायची, आमसूल नाहीतर ताकाचा शिपका द्यायचा, झाकण म्हणून ठेवायचं नाही. बायकोच्या भेंडीचा एक काप दुसऱ्याला चिकटत नाही. तो भाजी काट्यानं इकडून तिकडे करत होता, जणू हरवलेलं काही शोधतोय. त्याच्या घरी भेंडी वाळवून तिची पूड करतात, वेका म्हणतात तिला. ती रश्श्यात घोटली की रस्सा असा लांब तार धरतो. त्या तारेसाठीच भेंडी. बायको जे मोडून टाकते त्यासाठी त्याची आई भेंडी वाळवते.

पिठल्याला त्यानं हात लावला नाही. पण शेंगदाण्याची चटणी? वाटी चाटूनपुसून रिकामी केली, पुन्हा मागितली. ठेचाही खाल्ला, त्यांच्याकडे शत्ता म्हणून मिरचीचं तसंच जहाल प्रकरण असतं. दाण्याचं कूट सुदानी स्वयंपाकात सढळ हातानं पडतं, भुईमुगाच्या मोठ्या उत्पादक देशांत सुदान मोडतो. म्हणजे हिशेब असा झाला. शेंगदाणा आणि मिरची ना त्याची ना माझी, दोन्ही अमेरिकेतून आलेली. त्यांच्यावर आमचं तात्काळ जमलं. ज्वारी थेट त्याच्या पूर्वजांची, आणि ती त्याच्या घशाखाली उतरेना.

त्या रात्री मी हरलो असं मला वाटलं नव्हतं. पोरगा नखरे करतोय, असंच वाटलं. सवय होईल.

सवय व्हायची वाट माझ्या आईनं पाहिली नाही. तिचं वय आता पंच्याऐंशीच्या घरात. स्वयंपाकघरात ती काम करत नाही, राज्य करते. तिनं मला विचारलं, ते लेकरू काय म्हणत होतं. मी म्हटलं, त्याला आंबट भाकरी पाहिजे. ती म्हणाली, "मग त्यात काय एवढं? आंबिलीचं भांडं हाय की." उन्हाळाभर आमच्याकडे ज्वारीचं पीठ ताकात कालवून रात्रभर ठेवतात, सकाळी शिजवून, थंड करून पितात. भांड्याच्या तळाशी थोडं राखून ठेवायचं, ते पुढच्या पिठाला विरजण. सुदानातही असंच असतं, आधीच्या पिठाचं राखलेलं विरजण, खुमारा म्हणतात. त्यात पीठ कालवून पातळ सरबरीत करायचं, रात्रभर फुगू द्यायचं, आणि तापलेल्या लोखंडी पत्र्यावर खजुराच्या पातीच्या तुकड्यानं एका ओढीत पसरायचं. क्षणभरात शिजतं, लगेच सोलून काढायचं. हा किसरा. कागदासारखा पातळ, करडसर, आंबूस, मऊ. घड्या घालून ठेवतात आणि रश्श्याबरोबर खातात.

पुढच्या रविवारी आमच्या स्वयंपाकघरात तो प्रयोग झाला. पीठ दोनदा दळून वस्त्रगाळ केलेलं. एप्रिलच्या उन्हानं एका रात्रीत असं आंबवलं की सकाळी दार उघडताच वास. किसरा आई-बहिणी करतात, पोरांना येत नाही, हेही सुदान-जालन्यात सारखंच निघालं. म्हणून त्यानं बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. ती तेव्हा पोर्ट सुदानला, एका नातेवाइकाच्या घरात. खजुराची पात नव्हती, तर रद्दीतलं एक जुनं प्लास्टिकचं ओळखपत्र धुऊन घेतलं. बायकोनं आधी धिरड्यासारखं पळीनं ओतलं. बहिणीनं तिकडून दोन्ही हात हलवले, आणि तिला अरबी नि हिला मराठी असूनही बायको म्हणाली, "अजून पातळ पाहिजे, कळलं." त्यानं तर अजून भाषांतर केलंही नव्हतं. पहिले काही चिंध्या होऊन निघाले. मग एकाला हात बसला. कडा सुटल्या, बहीण पडद्यावर ओरडली, बायकोनं चिमटीत धरून तो अख्खा उचलला. आईनं कोपऱ्यातून शेरा मारला, "धिरडंच हाय, जरा जास्त पातळ."

तोवर त्यानं भेंडीची पूड मिक्सरमधून काढली होती. गच्चीवर कुरडयांशेजारी चार दिवस भेंडी वाळत घातली होती, येणारेजाणारे विचारत होते. रस्सा असा तार धरत होता की मला बघवेना. त्यानं किसऱ्याचा तुकडा त्यात बुडवला, खाल्ला, आणि म्हणाला, "अच्छा है. हमारे जैसा नहीं है. आपका दुरा थोड़ा मीठा है." दुरा म्हणजे ज्वारी. तरी पातेलं पुसून नेलं.

मी मात्र पिठाच्या डब्याकडे बघत होतो. दुपारी त्याच डब्यातल्या पिठाच्या भाकरी झाल्या होत्या. दाणा तोच, मोंढ्यातल्या एकाच पोत्यातला. त्यातून सकाळी एक देश निघाला होता आणि दुपारी दुसरा. माझ्या हिशेबात याला जागा नव्हती.

आईला मात्र यात नवल वाटलं नाही, कारण तिनं हे आधी एकदा केलं होतं. १९७२ चा दुष्काळ. मी शाळेत होतो, जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता (स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ ला झाला). वडील खडी फोडायला, दुष्काळी कामावर. तिथे पोरांना सुकडी मिळायची, ती आम्ही आवडीनं खायचो. पण घरात रेशनवर आली मिलो. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिकडे ती गुरांना घालतात, हे गावभर झालं आणि निम्मी भूक तिथेच मेली. पिठाला विरी म्हणून नाही. थापायला गेलं की कडा फाटणार, तव्यावर टाकलं की तुकडे. भाकरी लालकाळी, वास कुबट. बायका रडायच्या हे मी ऐकीव सांगत नाही, आमच्या ओसरीवर पाहिलंय. आईनं चार-आठ दिवस भाकरीशी झटापट केली. उकळतं पाणी ओतून उकड काढून पाहिली, थोडी बरी झाली. मग तिनं भाकरीचा नाद सोडला. मिलो भरडून ताकातल्या कण्या केल्या, पीठ आंबवून आंबील केली. आंबील आम्ही प्यायलो. लाल रंगासकट प्यायलो.

ही मिलोसुद्धा आफ्रिकेचीच. गेल्या शतकाच्याही आधी अमेरिकेत गेलेली, तिथल्या सपाट शेतांसाठी बुटकी केलेली. माझ्यासारख्या बियाणेवाल्याला यात आणखी एक गंमत ठाऊक असते. भारतातला पहिला संकरित ज्वारीचा वाण, सीएसएच-१, १९६४ सालचा. त्याची मादी अमेरिकेतून आणलेली, आणि ती मादी म्हणजे मिलोच्या पेशीद्रव्यात बसवलेली काफिर ज्वारी. काफिरही आफ्रिकेची, दक्षिणेकडची. मिलोच्या या पेशीद्रव्यामुळेच पराग वांझ होतो आणि संकरित बी शेतावर करता येतं. म्हणजे ज्या मिलोला गाव शिव्या घालत होतं, तिच्याच वंशावर आमचा सगळा धंदा उभा राहिला. मी हे प्रशिक्षणात पोरांना सांगायचो, आणि पोरं हसायची.

हसली नव्हती ती भोकरदनकडची एक म्हातारी. मी नोकरीत नवा होतो. हायब्रीड ज्वारी दुप्पट पिकते, बुटकी असते, खत खाते, लोळत नाही, हे सांगत गावोगाव फिरत होतो. शेतकरी पेरायचे, विकायचे, आणि घरच्यासाठी कोपऱ्यात शाळू नाहीतर मालदांडी राखायचे. मला हा दुटप्पीपणा वाटायचा. प्रथिनं तेवढीच, पिष्ट तेवढंच, मग जिभेचे हे चोचले कशाला? म्हातारीनं वाद घातला नाही. सकाळची हायब्रीडची भाकरी फडक्यातून काढून संध्याकाळी माझ्या हातात दिली. "मोड," म्हणाली. मोडली नाही, तडकली. मग शाळूची दिली, तीही सकाळचीच. ती दुमडली. तिचा धनी दिवसभर रानात असायचा, आणि भाकरी दुपारी दीड वाजता खायचा. मी अहवालात लिहिलं: चवीबाबत शेतकऱ्यांमध्ये पूर्वग्रह आहेत.

खरिपातली हायब्रीड पावसात सापडली की काळी पडायची, मोंढ्यात तिचा भाव पडायचा, आणि ती कोंबडीखाद्याकडे नाहीतर दारूच्या भट्टीकडे जायची. शाळूचा भाव कायम वर. बाजाराला जे कळत होतं ते माझ्या अहवालाला कळत नव्हतं. शास्त्रज्ञांना ठाऊक नव्हतं असं मात्र नाही. १९८१ मध्ये हैदराबादजवळच्या पाटणचेरूला, इक्रिसॅट या पीक-संशोधन संस्थेत, ज्वारीच्या दाण्याच्या प्रतीवर आंतरराष्ट्रीय परिसंवाद झाला होता. भाकरी, सुदानचा किसरा, इथिओपियाचा इंजेरा, पश्चिम आफ्रिकेतला टो, पूर्वेकडची उगाली, मेक्सिकोकडची तोर्तिया या सगळ्यांसाठी दाणा कसा हवा, यावर तिथे निबंध वाचले गेले. एकाला हवा तो दाणा दुसऱ्याला चालतोच असं नाही. आमच्या विक्रीच्या बैठकांत क्विंटलच्या पुढे कुणी गेलं नाही, मीही नाही.

त्या पोराशी मग माझ्या गप्पा वाढल्या. आम्हा दोघांचा धंदा एकच, त्यामुळे भाषेचं फारसं अडत नसे. सुदानातला पहिला संकरित ज्वारीचा वाण, हागीन दुरा-१, हा १९८३ चा. तो केला गेबिसा एजेटा या इथिओपियन शास्त्रज्ञानं, इक्रिसॅटच्याच सुदानातल्या कामात. पुढे त्यांनी टारफुल्याला दाद न देणारी ज्वारी काढली. टारफुला म्हणजे ज्वारीच्या मुळावर बसून रस पिणारं ते जांभळ्या-पांढऱ्या फुलांचं तण, आमच्या शेतकऱ्यांनाही चांगलं ओळखीचं. एजेटांना २००९ चा वर्ल्ड फूड प्राइझ मिळाला. बारवाल्यांना तोच १९९८ मध्ये मिळाला होता. पोरगा म्हणाला, मग जालना आणि मदनी भाऊभाऊच. मी म्हटलं, हो, आणि दोघांच्या भाकरी वेगळ्या.

एकदा त्यानं माझी विकेटच काढली. जॅक हार्लन नावाचे मोठे अमेरिकन पीक-अभ्यासक होऊन गेले. त्यांचं म्हणणं असं, की ज्वारीचा जो दुरा नावाचा गट, घट्ट कणसाचा, टपोऱ्या दाण्याचा, तो आफ्रिकेतून आलेल्या ज्वारीतून भारतात घडला असावा आणि मग अरबस्तानमार्गे आफ्रिकेत परत गेला असावा. आमची मालदांडी त्याच गटातली. हे मला माहीत होतं, पण सोयीचं नव्हतं म्हणून मी कधी सांगत नव्हतो. तो हसत म्हणाला, "अंकल, हो सकता है हमारा दुरा आपके गाँव से आया हो." आता कुळ काढायचं तर कुणाचं काढणार?

डिसेंबर २०२३ मध्ये वाद मदनी रॅपिड सपोर्ट फोर्सेसच्या हाती गेलं. देशाच्या कृषी संशोधन संस्थेचं मुख्यालय तिथेच, आणि तिथली जनुकपेढीही. तिची लूट झाली. ही बातमी त्यानं सांगितली तेव्हा मला वाटलं, हा आता घराबद्दल बोलेल. तो बियांबद्दलच बोलत राहिला. मी त्याला धीर दिला, आणि तो खोटा नव्हता. सुदानच्या ज्वारीचे नमुने पाटणचेरूला आहेत, नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या बर्फाळ तिजोरीतही आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुदानी शास्त्रज्ञांनी वाचवलेल्या ज्वारी-बाजरीचे आणखी नमुने त्या तिजोरीत पोचलेही. बी परत मिळेल. ही व्यवस्था माझ्यासारख्यांनीच उभी केली आणि तिचा मला अभिमान आहे.

पण त्याच्या आईचा खुमारा कुठल्या तिजोरीत नव्हता. घर सोडताना तिनं तो मडक्यातच सोडला. पोर्ट सुदानला बहिणीनं शेजारणीकडून थोडा मागून आणला, त्यावर आता त्यांचा किसरा चालतो. हमीद दिरार या सुदानी प्राध्यापकानं १९९३ मध्ये त्यांच्या देशातल्या आंबवलेल्या पदार्थांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यानं म्हाताऱ्या बायांना विचारून विचारून माहिती गोळा केली. आमच्या आंबिलीवर, कण्यांवर, पिठाच्या विरीवर असा एखादा ग्रंथ जालन्याच्या एवढ्या कंपन्यांपैकी कुणी काढावा, असं आता वाटतं. आधी वाटलं असतं, हा खर्च कशाला.

तर माझं बदललेलं मत एवढंच. परक्या मुलखात आलेल्या माणसाला त्याचं धान्य देऊन भागत नाही. धान्याशी काय करतात, ते किती वेळ ठेवतात, कशानं आंबवतात, कुठलं काढून टाकतात आणि कशासाठी जीव टाकतात, तिथे त्याचं घर असतं. आणि हे करणाऱ्यांना आम्ही बियाणेवाल्यांनी कधी मोजलं नाही. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "हे कळायला सुदानहून माणूस यावा लागला?"

यात एक खोट आहे ती लपवत नाही. डिसेंबरात त्याला अंबडकडे एका मित्राच्या शेतावर हुरड्याला नेलं. गूळभेंडीची कणसं, गोवऱ्यांची आगटी, गरम कणीस हातावर चोळून काढलेला हिरवा दाणा, बाजूला लसणाची चटणी, दही, रेवड्या. त्याला कुणी काही समजावलं नाही. तो आगटीशी बसला तो उठेचना. चोळायची रीत त्यानं पोरांकडे बघून उचलली, हात भाजले तरी थांबला नाही. तिथे ना आंबवणं होतं, ना थापणं, नुसता विस्तव आणि कोवळा दाणा, आणि तो त्याला पहिल्या घासाला रुचला. म्हणजे माझ्या जुन्या मतातही थोडी धुगधुगी आहे. बायकोला हे मी मुद्दाम ऐकवलं. ती म्हणाली, भाजणं हाही स्वयंपाकच आहे. यावर अजून निकाल लागलेला नाही.

पोरगा आता पीएच.डी.च्या खटपटीत आहे. व्हिसाचे कागद, शिष्यवृत्तीचे अर्ज, रोज नवी अडचण. खोलीवर त्यानं माझ्या आईच्या आंबिलीतलं विरजण वाटीभर नेऊन ठेवलंय, स्वतःच किसरा घालतो, बरेचसे फाटतात. भाकरीही खातो, पण शिळी, दुधात नाहीतर ताकात कुस्करून. ताजी अजून त्याला कोरडी लागते. पिठल्याला शिवत नाही. आणि मी त्याच्या आग्रहाखातर ती तार धरणारी भेंडी दोनदा तोंडात घातली आहे. मत बदललं, पण इतकं नाही.